घरच्या कॉम्प्युटरवरचा व्हिडिओ कॉल: दोष नेमका कोणत्या घरात आहे?

प्रश्न कराडच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा आहे. थोडक्यात असा: घरी आठ वर्षांपूर्वी जुळवून घेतलेला डेस्कटॉप, त्यावर विंडोज १०. मुलगी जर्मनीत, स्टुटगार्टला. पूर्वी स्काइपवर बोलणं व्हायचं, ते बंद झालं. म्हणून नवा वेबकॅम आणला. "मी तिला दिसते, पण माझा आवाज जात नाही. मोबाइलचे इअरफोन लावले तरी तेच. मधेच कधी आवाज गेलाच, तर तिला तिचाच आवाज परत ऐकू येतो. आणि रात्री आठनंतर चित्र अडकतं. दुकानदार म्हणतो नवा कॉम्प्युटर घ्या. घेऊ का?"

काकू, नवा कॉम्प्युटर घेऊ नका. तुम्ही चार तक्रारी लिहिल्यात आणि चारींची कारणं वेगवेगळी आहेत. नवा कॉम्प्युटर आणलात तर त्यातल्या किमान दोन त्याच्याबरोबर तशाच नांदतील. मी वीस वर्षं मिरजेत कॉम्प्युटर आणि नेटवर्कची कामं करतोय, आणि परदेशी मुलाबाळांशी बोलण्यासाठी लोकांनी उगाच हजारो रुपये घातलेले पाहिलेत. जिथे शंभर रुपयांची वायर पुरली असती, तिथे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. घरातला पंखा बिघडला तर ज्याच्या घरात बिघडला त्याला कळतं. व्हिडिओ कॉलमध्ये बहुतेक वेळा उलटं असतं. तुमचा माइक बंद असेल तर तुम्हाला काहीच जाणवत नाही, गप्प बसलेल्या तुम्ही तिला दिसता. तुमच्या तोंडावर अंधार असेल तर तो तिला दिसतो. म्हणून "काय होतंय?" एवढं विचारून भागत नाही. "काय होतंय, आणि ते कोणाला होतंय?" असं विचारायचं. कागदावर दोन रकाने करा, "मला" आणि "तिला", आणि पुढच्या कॉलला जे घडेल ते त्या-त्या रकान्यात लिहा. निम्मं निदान तिथेच होतं.

आता पहिली तक्रार, आवाज न जाण्याची. तुम्ही वेबकॅमचा फोटो पाठवला नाहीत, पण माझा दाट संशय असा की त्या कॅमेऱ्यातून दोन वायरी निघतात. एक यूएसबीची चपटी पिन, दुसरी बारीक गोल गुलाबी पिन. स्वस्तातल्या कॅमेऱ्यांची ही जुनी रीत आहे: चित्र यूएसबीतून जातं आणि माइकचा आवाज वेगळ्या वायरीतून. यूएसबी लावली की कॅमेरा सुरू होतो, चित्र दिसतं, आणि माणसाला वाटतं काम झालं. गुलाबी पिन मागे लोंबत राहते. कॅबिनेटच्या मागच्या बाजूला तीन गोल भोकं असतात, हिरवं स्पीकरचं, गुलाबी माइकचं, निळं बाहेरून आवाज आत घेण्याचं. गुलाबी पिन गुलाबीतच घाला, आणि मागच्याच बाजूला घाला. पुढच्या बाजूलाही तशी भोकं असतात, पण जुळवलेल्या कॉम्प्युटरमध्ये पुष्कळदा त्यांची आतली वायर मदरबोर्डला, म्हणजे आतल्या मुख्य पाटीला, जोडलेलीच नसते. मी कित्येक कॅबिनेट उघडून ती वायर गुंडाळलेल्या अवस्थेत पाहिली आहे.

इअरफोनने काम का झालं नाही, तेही इथेच कळतं. मोबाइलच्या इअरफोनची पिन डोळ्यांजवळ धरून बघा. तिच्यावर तीन काळ्या रेघा दिसतील, म्हणजे धातूचे चार भाग. डावा कान, उजवा कान, माइक आणि अर्थिंग, असे चार. डेस्कटॉपच्या भोकाला दोन रेघांची, तीन भागांची पिन अपेक्षित असते. त्यामुळे हिरव्या भोकात घातलेत तर ऐकू येईल, पण माइकचा भाग कुठेच जुळत नाही. गुलाबीत घातलेत तर सहसा दोन्ही जातं. यासाठी एक छोटी जोडवायर मिळते, एका बाजूला इअरफोन जाईल असं भोक आणि दुसऱ्या बाजूला हिरवी-गुलाबी अशा दोन पिना. दुकानात "मोबाइल इअरफोनचा स्प्लिटर, हेडफोन आणि माइक वेगळा करणारा" असं स्पष्ट सांगून मागा. नुसतं स्प्लिटर म्हटलंत तर दोघांनी मिळून गाणी ऐकण्याचा देतील. लॅपटॉपला बहुधा एकच एकत्र भोक असतं, म्हणून तिथे हाच इअरफोन चालतो आणि माणूस गोंधळतो.

पिन लागली की लगेच मुलीला फोन करू नका. आधी स्वतःचा आवाज स्वतः ऐका. स्काइपमध्ये यासाठी फार छान सोय होती, एका ठरलेल्या नावाला कॉल लावायचा, बोलायचं, आणि ते आपलं बोलणं आपल्याला परत ऐकवायचं. स्काइप ५ मे २०२५ ला बंद झालं, पण ती चाचणी सोडू नका. विंडोज १० मध्ये "व्हॉइस रेकॉर्डर" नावाचं अ‍ॅप आहे (विंडोज ११ मध्ये "साउंड रेकॉर्डर"). दहा सेकंद बोला, परत ऐका. इथे आवाज आला तर माइक, पिन, वायर सगळं शाबूत आहे आणि पुढचा घोळ बहुधा परवानगीचा. इथेच आला नाही तर झूम, मीट अशी कॉलची अ‍ॅप कितीही बदला, काही उपयोग नाही.

रेकॉर्डरमध्ये आवाज नसेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड इथे जा आणि "इनपुट" खाली कोणतं साधन निवडलंय ते बघा. बोलताना तिथली पट्टी हलली पाहिजे. हलते पण अगदी थोडी, असं असेल तर त्याच माइकच्या प्रॉपर्टीजमध्ये "लेव्हल्स" या पानावर "माइक बूस्ट" मिळेल. गुलाबी पिनेच्या माइकला त्याची गरज पडतेच. १० किंवा २० डेसिबलवर ठेवा. ३० वर नेलंत तर पंख्याची घरघर आणि सूंऽऽ असा आवाज तुमच्या बोलण्याहून मोठा जाईल.

रेकॉर्डरमध्ये आवाज आहे पण कॉलमध्ये नाही, तर परवानग्या तपासा. त्या दोन दरवाजांसारख्या आहेत, दोन्ही उघडे लागतात. पहिला विंडोजचा: सेटिंग्ज, प्रायव्हसी, मायक्रोफोन. तिथे अगदी खाली "डेस्कटॉप अ‍ॅप्सना परवानगी" असं वेगळं बटण आहे. ब्राउझर त्यात मोडतो, आणि लोक वरचं बटण चालू करून खालचं विसरतात. दुसरा दरवाजा ब्राउझरचा. क्रोममध्ये पत्त्याच्या डावीकडच्या छोट्या चिन्हावर क्लिक केलं की कॅमेरा आणि मायक्रोफोन दिसतात. पहिल्यांदा परवानगी विचारली तेव्हा घाईत "ब्लॉक" दाबलं गेलं असेल तर तो पुन्हा विचारत नाही, तिथे जाऊन आपणच बदलावं लागतं. कॅमेऱ्याचंही असंच. शिवाय एक अ‍ॅप कॅमेरा वापरत असेल तर दुसऱ्याला तो सहसा मिळत नाही, तेव्हा कॅमेरा अ‍ॅपमध्ये चाचणी घेतली की ते बंद करून मगच कॉलला बसा.

आता प्रतिध्वनी. ही माझ्या मते सगळ्यात गैरसमजाची तक्रार. मुलीला तिचाच आवाज परत ऐकू येतो, म्हणजे ती आपल्या कॉम्प्युटरवर शंका घेते. पण तिचा आवाज तुमच्या स्पीकरमधून बाहेर पडतो, तुमच्या माइकमध्ये शिरतो आणि परत जर्मनीला जातो. ऐकू तिला येतं, कारण तुमच्या टेबलावर असतं. मिरजेतल्या एका बाईंनी ओळीने तीन हेडफोन बदलले होते, स्वतःचा आवाज परत येतो म्हणून. मी गेलो तेव्हा चौथा आणायच्या बेतात होत्या. त्यांच्या घरात काहीच बिघडलं नव्हतं. त्यांच्या मुलाने तिकडे लॅपटॉप टीव्हीला जोडला होता, टीव्हीचा आवाज खोलीभर, आणि माइक लॅपटॉपचा. त्याला म्हटलं, टीव्हीचा आवाज बंद कर आणि कानाला काहीतरी लाव. दहा सेकंदांत प्रतिध्वनी गेला.

सॉफ्टवेअर हा परत जाणारा आवाज ओळखून वजा करतं, म्हणून लॅपटॉपवर सहसा त्रास होत नाही. पण स्पीकर मोठ्या आवाजात, माइकच्या तोंडासमोर, किंवा ब्लूटूथचा असेल तर त्याचा हिशोब चुकतो. तेव्हा काकू, तुमचे स्पीकर कॅमेऱ्याच्या पुढे नको, बाजूला किंवा थोडे मागे, आवाज निम्म्यावर. त्याहून उत्तम म्हणजे हेडफोन. आणि एकाच खोलीत तुम्ही कॉम्प्युटरवर आणि काका मोबाइलवर त्याच कॉलमध्ये, असं कधीही नको. कान फाटेल अशी शिट्टी वाजते ती त्यामुळेच.

चित्र अडकण्याचं कारण मात्र शोधावं लागेल, आणि शोधायची पद्धत सोपी आहे. नेटचा वेग हे कारण बहुतेक वेळा नसतं. समोरासमोरच्या दोघांच्या चांगल्या कॉलला येण्याला आणि जाण्याला एकेक एमबीपीएस (नेटचा वेग मोजायचं माप) पुष्कळ झाला. हल्लीच्या फायबर कनेक्शनला एवढं म्हणजे किरकोळ. (मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बसणार असाल तर मात्र तासाला साधारण ९०० एमबी जातात, दिवसाच्या डेटाचा हिशोब ठेवा.) अडचण वेगाची नसते, अखंडपणाची असते. कॉलमध्ये अर्धा सेकंद आवाज उशिरा आला तर तो टाकूनच द्यावा लागतो. सिनेमा आधी साठवून ठेवता येतो, बोलणं साठवता येत नाही. म्हणून "यूट्यूब तर मस्त चालतं" हा पुरावा इथे चालत नाही.

रात्री चित्र अडकेल तेव्हा हे करा. विंडोजच्या शोधात इंग्रजीत "सीएमडी" टाइप करून काळी खिडकी उघडा. तिच्यात इंग्रजीत "पिंग" लिहा, एक जागा सोडा, तुमच्या राऊटरचा पत्ता लिहा, पुन्हा जागा सोडा आणि शेवटी उणे चिन्ह आणि "टी". राऊटरचा पत्ता बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ असतो, राऊटरच्या तळाच्या चिठ्ठीवर छापलेला सापडेल. एंटर दाबलंत की ओळीमागून ओळ येत राहील आणि प्रत्येकीत "टाइम" समोर एक आकडा. तुमच्या कॉम्प्युटरपासून तुमच्याच घरातल्या राऊटरपर्यंत जाऊन यायला लागलेला हा वेळ आहे, मिलिसेकंदांत. वायर असेल तर १ किंवा त्याहून कमी. चांगल्या वाय-फायवर २ ते १०. तुम्हाला ३, ४, २१०, ५, ३८०, मग "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" असं दिसलं, तर आजार घरातच आहे आणि नेटवाल्याला फोन करून उपयोग नाही. कंट्रोल आणि सी दाबून थांबवा. राऊटरपर्यंत सगळं शांत असेल तर तीच आज्ञा ८.८.८.८ या पत्त्याने द्या, तो गुगलचा सर्व्हर आहे. दुपारी सरळ आणि रात्री आठनंतर उड्या मारणारे आकडे आले, तर त्या दोन्ही खिडक्यांचे मोबाइलवर फोटो काढा आणि नेटवाल्याला तेच दाखवा. "नेट स्लो आहे" म्हणणाऱ्याला तो राऊटर बंद-चालू करायला सांगतो. आकडे दाखवणाऱ्याकडे माणूस पाठवतो.

माझा अंदाज घरातल्या वाय-फायवर आहे. आठ वर्षांच्या डेस्कटॉपला वाय-फाय बहुधा नखाएवढ्या यूएसबी डोंगलने मिळतं. तो कॅबिनेटच्या मागे, भिंतीकडे तोंड करून, लोखंडी पेटीच्या आडोशाला. त्यात तो २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ-पट्ट्यात चालतो, आणि रात्री आठनंतर शेजारपाजारच्या सगळ्या घरांचे राऊटर त्याच पट्ट्यात बोलत असतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही साधारण तिथेच. यावर उपाय एकच, आणि तो मी कोणालाही डोळे झाकून सांगतो: राऊटरपासून कॉम्प्युटरपर्यंत लॅनची वायर ओढा. कॅट ६ ची तयार वायर आणा, शंभर मीटरपर्यंत चालते, तुम्हाला दहा-पंधरा पुरे. दाराच्या चौकटीवरून खिळ्यांच्या क्लिपांनी नेली की पायातही येत नाही. माझ्याकडे आलेल्या "चित्र अडकतं" तक्रारींत जितक्या या वायरीने मिटल्या तितक्या दुसऱ्या कशाने मिटल्या नाहीत.

आणखी एक शक्यता तुमच्यासारख्या घरांत हमखास असते. कॉम्प्युटर आठवड्याने, फक्त कॉलसाठी सुरू होतो. सुरू होताच ब्राउझर, अँटिव्हायरस, विंडोज सगळे आठवड्याची शिल्लक कामं काढून बसतात, नेमकी तुमच्या कॉलच्या वेळेला. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. "डिस्क" खाली १०० टक्के दिसत असेल तर हेच चाललंय. रविवारी रात्री बोलायचं तर कॉम्प्युटर रविवारी दुपारीच लावून ठेवा, त्याची कामं उरकू द्या. आणि पैसे खर्चच करायचे असतील तर हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे तिच्याहून खूप वेगवान डिस्क, बसवा आणि रॅम ८ जीबी करा. नव्या कॉम्प्युटरच्या किमतीच्या छोट्या हिश्शात होतं. विंडोज १० चा नेहमीचा सुरक्षा-आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे त्या मशीनवर बँकेचे व्यवहार नकोत, पण कॉल ब्राउझरमधून चालतील.

जुन्या मशीनमध्ये मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल, सीआर २०३२, संपतो. मग कॉम्प्युटर बंद केला की तारीख मागे जाते, आणि दुसऱ्या दिवशी कोणतीही साइट "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणून उघडतच नाही. असं झालं तर आधी कोपऱ्यातली तारीख बघा. सेल बदलणं पाच मिनिटांचं काम.

कोणतं अ‍ॅप? तुमच्यासाठी गुगल मीट, ब्राउझरमध्येच चालतं, काही बसवावं लागत नाही. दोघांच्या कॉलला फुकटात २४ तासांपर्यंत मुभा आहे, तिघे किंवा जास्त असतील तर ६० मिनिटं. झूम फुकटात ४० मिनिटांनी थांबतं. मुलीने एकदाच लिंक बनवून द्यावी, ती तुम्ही बुकमार्क करा, दर आठवड्याला तीच.

उजेड: खिडकी किंवा ट्यूबलाइट तोंडासमोर हवी, पाठीमागे नको. ट्यूब लावल्यावर चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसले तर कॅमेरा बिघडलेला नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि पुष्कळ कॅमेरे ६० वर लावून येतात. विंडोजच्या कॅमेरा अ‍ॅपमध्ये किंवा कॅमेऱ्याबरोबरच्या सॉफ्टवेअरमध्ये "फ्लिकर" हा शब्द शोधा, ५० निवडा.

गणपतीत मुलगी आरतीला कॉलवर असणार, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. दोन्हीकडून एकत्र आरती म्हणता येणार नाही, कितीही भारी नेट घ्या. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, जर्मनीपर्यंतच्या वळणावळणाच्या मार्गाला एवढ्यातच कित्येक मिलिसेकंद जातात, वर आवाज बांधणं-उलगडणं. बोलण्यासाठी एका दिशेला १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर चालतो असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. बोलण्याला चालतो, टाळीला नाही. तुमची टाळी तिला उशिरा पोचते, ती त्यावर धरते, ती तुम्हाला दुप्पट उशिरा ऐकू येते, आणि लय खाली खाली बसत जाते. म्हणून आरती एका घराने म्हणायची. दुसऱ्या घराने माइक म्यूट करून सोबत म्हणायची. त्यांच्या घरात ती अगदी तालात असते.

दुसरं, झांजा आणि घंटा पलीकडे तुटक ऐकू येतात, कारण सॉफ्टवेअर त्यांना गोंगाट समजून कापतं. आमच्या मिरजेत सतारमेकर गल्लीपासून जवळच एक गायनाचे गुरुजी परदेशातल्या विद्यार्थ्यांना शिकवतात. त्यांची तक्रार होती की तानपुरा सुरू केला की दोन-तीन सेकंद ऐकू जातो आणि मग विरून जातो. अखंड, एकसारखा सूर म्हणजे पंख्याची घरघर, असं त्या सॉफ्टवेअरने ठरवलं होतं. झूमच्या ऑडिओ सेटिंग्जमध्ये "ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स" चालू केलं, आणि समोरून लगेच विद्यार्थिनीचा आवाज आला, "गुरुजी, जोड ऐकू आली!" (जोड म्हणजे तानपुऱ्याच्या मधल्या दोन तारा.) आरतीच्या दिवशी तुम्ही झूम घ्या आणि हे चालू करा. हेडफोन मात्र लागेल, कारण हे चालू केलं की प्रतिध्वनी आवरण्याचं कामही सैल पडतं.

मुलीला तुमचा स्क्रीन बघून मदत करायची असेल तर विंडोजमध्ये "क्विक असिस्ट" आहे, ती कोड सांगेल, तुम्ही टाकायचा. फक्त तिला. अनोळखी माणसाने फोन करून असा कोड किंवा स्क्रीन मागितला तर ठेवून द्या. पोलिसांच्या गणवेशात व्हिडिओ कॉल करून "तुम्हाला डिजिटल अटक आहे" म्हणणारे चोर असतात, कायद्यात अशी अटक नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा.

आणि जर्मनीचं घड्याळ ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे जातं, मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे. उन्हाळ्यात आपण साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. त्या आठवड्यांत ती कॉलवर आली नाही तर कॉम्प्युटरला हात लावू नका.

या रविवारी एवढंच करा: कॅबिनेट पुढे ओढा, मागे टॉर्च मारा, गुलाबी भोक रिकामं आहे का आणि कॅमेऱ्याची दुसरी वायर कुठे लोंबतेय ते बघा. मग रेकॉर्डरवर दहा सेकंद बोला. काय ऐकू आलं ते मला कळवा, रात्रीच्या पिंगचे आकडेही सोबत.